पहिल्या छेदाचा अधिकार

शल्यचिकित्सेच्या शिक्षणात एक अडचण अशी आहे, जी अन्य विद्यांच्या शिक्षणात इतक्या तीव्रतेने उद्भवत नाही. विद्यार्थ्याचा हात बसावा म्हणून ज्यांच्यावर तो चालवावा लागतो ती शेवटी जिवंत माणसेच असतात. व्याकरण शिकणाऱ्याच्या चुकीने कोणाला इजा होत नाही आणि गणितातील चूक पुन्हा मांडून दुरुस्त करता येते. परंतु विद्यार्थी ज्या दिवशी प्रथमच जिवंत त्वचेवर शस्त्र टेकवतो, त्या दिवशी अधिक अनुभवी हाताने जे काम अधिक चांगले झाले असते तेच काम तो कोणा एका रुग्णावर करीत असतो. पुढे येणाऱ्या शेकडो रुग्णांचे हित या पहिल्या रुग्णाच्या देहावर उभे राहते आणि त्या हिताचा वाटा त्याला स्वतःला मिळेलच असे नाही. एका माणसाचा देह दुसऱ्याच्या शिक्षणाचे साधन कोणत्या आधारावर व्हावा, हा प्रश्न म्हणूनच अभ्यासक्रमाच्या आखणीपूर्वीचा, धर्मविचाराचा आणि नीतिशास्त्राचा प्रश्न आहे. विद्यार्थ्याचे मूल्यमापन कसे करावे आणि प्रशिक्षण कसे सुधारावे या वरवर प्रशासकीय वाटणाऱ्या प्रश्नांची उत्तरेही त्याच्याच उत्तरावर अवलंबून आहेत.

मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले तेव्हापासून हा प्रश्न महाराष्ट्रात आहे, पण रत्नागिरी जिल्ह्यात तो अलीकडेच येऊन पोहोचला आहे. चिपळूण तालुक्यात सावर्ड्याजवळ डेरवण येथे २०१५ मध्ये बी. के. एल. वालावलकर ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि २०२३ मध्ये रत्नागिरी शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली. आंबा काढताना झाडावरून पडलेला बागेतील गडी, जाळे ओढताना हात अडकलेला मिरकरवाड्याचा खलाशी, भातकापणी उरकेपर्यंत हर्निया अंगावर काढणारा शेतकरी असे रुग्ण जिल्हा रुग्णालयात पूर्वीही येत होते, आणि त्यांच्यातील गंभीर रुग्णांना आंबा घाट चढून कोल्हापूरला किंवा महामार्गाने मुंबईला नेण्याची धावपळही जुनीच आहे. बदल एवढाच झाला आहे, की त्यांच्या खाटेभोवती आता शिकणारे तरुण उभे राहू लागले आहेत. हा बदल जिल्ह्याच्या भल्याचाच आहे, कारण जेथे शिक्षण होते तेथे शिक्षक राहतात आणि जेथे शिक्षक राहतात तेथे उपचारांची पातळी उंचावते. मात्र भले होणार आहे एवढ्याने ते ज्यांच्या देहावरून साधले जाते त्यांच्याविषयीचे उत्तरदायित्व संपत नाही.

भारतीय दर्शनपरंपरेत या प्रश्नाला हात घालण्यासाठी एक तयार संकल्पना आहे, ती अधिकाराची. वेदान्तग्रंथांच्या आरंभी ज्या चार गोष्टी सांगण्याची प्रथा आहे, म्हणजे ज्याला अनुबंधचतुष्टय म्हणतात, त्यांत विषय, संबंध आणि प्रयोजन यांच्याआधी अधिकारी कोण हे सांगितले जाते, आणि मीमांसकांनी तर कोणत्या कर्माला कोण पात्र आहे याची स्वतंत्र चर्चा केली आहे. या अर्थाने अधिकार हा कर्त्याने मागून घ्यायचा हक्क नसून विशिष्ट कर्माच्या संदर्भात त्याच्या ठिकाणी असलेली वा नसलेली पात्रता आहे, आणि ती कर्मागणिक वेगळी असते. या परंपरेने अनेकदा जन्मावरून अधिकार ठरवला आणि त्यातून मोठा अन्याय झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही जन्माचा निकष टाकून दिला आणि तयारीचा निकष ठेवला, तर शल्यशिक्षणाला हवी असलेली नेमकी चौकट हाती येते: पदवी एकच असली तरी गळू फोडण्याचा अधिकार वेगळा आणि आतडे जोडण्याचा वेगळा, आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र तयारी सिद्ध करून दाखवावी लागते.

सुश्रुतसंहितेने हा निकष विलक्षण काटेकोरपणे मांडलेला आहे. तिच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय योग्येविषयी, म्हणजे प्रत्यक्ष कर्मापूर्वीच्या सरावाविषयी आहे, आणि सर्व शास्त्र पढलेल्या शिष्याकडूनही हा सराव करवून घेतलाच पाहिजे, कारण पुष्कळ ऐकलेला पण हाताने न केलेला माणूस कर्माला अपात्रच असतो, असे तेथे बजावले आहे. त्यानंतर शस्त्रकर्माच्या एकेका प्रकारासाठी सरावाचे पदार्थ नेमून दिलेले आहेत. छेद्य म्हणजे कापून वेगळे करण्याचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी यांवर. भेद्य म्हणजे पोकळी फोडण्याचा सराव पाणी किंवा चिखल भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर आणि जनावराच्या मूत्राशयावर. लेख्य म्हणजे खरवडण्याचा सराव केसाळ कातड्यावर. वेध्य म्हणजे शीर टोचण्याचा सराव मृत जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर. एष्य म्हणजे शलाकेने आतला मार्ग शोधण्याचा सराव किडीने पोखरलेल्या लाकडावर. सीव्य म्हणजे शिवण्याचा सराव जाड आणि पातळ वस्त्रांच्या कडांवर आणि मऊ कातड्यावर. आहार्य म्हणजे आत रुतलेली वस्तू बाहेर काढण्याच्या सरावासाठी ज्या फळांचा गर सांगितला आहे त्यांत फणस आहे, आणि ज्याने कोकणात चिकाने माखलेल्या हातांनी फणसाचे गरे सोडवलेले पाहिले असतील त्याला ही निवड किती जाणतेपणाने केलेली आहे हे वेगळे सांगावे लागणार नाही: वस्तू धरून ठेवणारे तंतू, निसटणारी बोटे आणि आतला भाग न चिरडता तो मोकळा करण्याचे कसब या तिन्हींची तेथे एकाच वेळी परीक्षा होते. पट्टी बांधण्याच्या सरावासाठी तर माणसाच्या आकाराची बाहुलीच सांगितली आहे.

या यादीमागचा विचार अधिक महत्त्वाचा आहे. ऊतीचा, म्हणजे शरीराच्या घटक पदार्थाचा, जो गुण हाताला कळायला हवा त्या गुणाशी साम्य असलेला निर्जीव पदार्थ शोधावा आणि चुका तेथे संपवाव्यात, हे तत्त्व आजच्या कौशल्य प्रयोगशाळेचेही आहे. पुढच्याच अध्यायात असा सराव केलेल्या वैद्यानेही राजाची अनुज्ञा घेऊन मगच व्यवसायात प्रवेश करावा असे सांगितले आहे, म्हणजे गुरूची खात्री आणि समाजाची मान्यता या दोन वेगळ्या पायऱ्या मानल्या आहेत. केवळ शास्त्र जाणणारा आणि केवळ कर्म जाणणारा हे दोघेही एका पंखाच्या पक्ष्यासारखे आहेत, ही सुश्रुताची उपमा प्रसिद्ध आहे, परंतु तिचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे केवळ कर्म जाणणाराही अपुराच असतो, सहसा विसरला जातो. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याजवळ कुंभार जातीच्या एका कारागिराने कपाळाच्या त्वचेपासून नाक घडवल्याची हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आली. ते कसब अस्सल होते, पण ग्रंथ, शिष्यगण आणि परीक्षा यांचा आधार नसल्याने येथे त्याचे शास्त्र झाले नाही. ती हकीकत वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने आधी मृतदेहांवर सराव केला, १८१४ मध्ये ती शस्त्रक्रिया जिवंत रुग्णावर केली आणि १८१६ मध्ये तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पंख जोडण्याचे काम परक्या भूमीत झाले, याची खंत मराठी वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे.

येथे रत्नागिरीतच १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्य टिळकांच्या नीतिविचाराची कसोटी लागते. १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त त्यांनी पुष्कळांचे पुष्कळ सुख हा आधिभौतिक, म्हणजे बाह्य परिणाम मोजणारा निकष अपुरा ठरवला आणि कर्माची नीतिमत्ता कर्त्याच्या बुद्धीवरून ठरते असा पक्ष मांडला. शल्यशिक्षणाच्या बाबतीत या भूमिकेचा पहिला भाग निर्विवादपणे उपयोगी आहे, कारण केवळ परिणामांची बेरीज केली तर एका रुग्णाचे नुकसान शंभरांच्या लाभात विरून जाते आणि पहिल्या रुग्णाच्या वाट्याला आलेली वेदना हिशेबातून नाहीशी होते. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, या कांटच्या सूत्राचाही रोख हाच आहे. परंतु दुसरा भाग येथे जसाच्या तसा पुरत नाही. शुद्ध बुद्धीच्या, पण अशिक्षित हाताच्या विद्यार्थ्याने धमनी कापली तर त्याच्या बुद्धीची शुद्धता रक्तस्राव थांबवत नाही. गीतेने योगाला कर्मातील कौशल्य म्हटले आहे आणि टिळकांनी त्या व्याख्येला मोठे महत्त्व दिले, परंतु त्यांच्या विवेचनात त्या कौशल्याचा अर्थ मुख्यतः कर्माचे बंधन न लागू देण्याची युक्ती असा आहे. शस्त्र हाती घेणाऱ्याच्या बाबतीत बुद्धीची शुद्धता आणि बोटांचे कौशल्य यांची अशी फारकत करता येत नाही, कारण आपला हात तयार आहे की नाही हे न तपासता दुसऱ्याच्या देहावर तो चालवणारा माणूस बुद्धीनेही शुद्ध राहिलेला नसतो.

हा दुवा जैन विचाराने अधिक स्पष्ट केलेला आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या आहे तिच्यात प्राणहानीबरोबरच प्रमाद, म्हणजे असावधपणा, हा घटक समाविष्ट आहे. त्या दृष्टीने पाहिले तर शल्यविशारदाचा छेद आपोआप हिंसा ठरत नाही, पण सरावाशिवाय, देखरेखीशिवाय किंवा थकलेल्या अवस्थेत केलेला तोच छेद हिंसेच्या बाजूला झुकतो. स्मृतिकारांचा कलही याच्याशी जुळणारा आहे. उपकार करीत असताना मृत्यू घडला तर पातक लागत नाही असे याज्ञवल्क्यस्मृती एका ठिकाणी म्हणते आणि दुसऱ्या ठिकाणी मिथ्या चिकित्सा करणाऱ्या वैद्याला दंड सांगते, म्हणजे वाईट परिणाम आणि वाईट आचरण यांत ती भेद करते. मात्र तिचा दंड पशूंच्या बाबतीत कमी, सामान्य माणसांच्या बाबतीत मध्यम आणि राजपुरुषांच्या बाबतीत सर्वाधिक आहे, आणि ही चढती भाजणी आज कोणत्याही विचारी माणसाला मान्य होणार नाही. ती कायद्यातून गेली असली तरी व्यवहारातून गेली आहे का, हे तपासावे लागते, कारण शिकाऊ हाताखाली कोण येतो हे आजही पुष्कळदा रुग्णाच्या ऐपतीवरून ठरते. खासगी रुग्णालयाचे बिल भरू शकणारा माणूस आपला शल्यविशारद निवडतो. सरकारी रुग्णालयाच्या रांगेतील माणूस त्या वेळी कामावर असलेल्याच्या हाती जातो. गरिबाने शिक्षणासाठी देह द्यावा आणि त्या शिक्षणाचे फळ पुढे श्रीमंताने घ्यावे, अशी वाटणी कोणत्याही धर्मविचाराच्या आधारे समर्थनीय ठरत नाही.

रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात एक न्यायनिर्णय या चर्चेत केंद्रस्थानी ठेवावा असा आहे. मे १९५३ मध्ये पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या तरुणाच्या मांडीचे हाड मोडले, गावातील डॉक्टरांनी लाकडी पट्ट्यांचा आधार देऊन जमेल तेवढे केले, आणि तीन दिवसांनी त्याला मोटारीने दूर पुण्याला नेण्यात आले. तेथे पुरेशी भूल न देता हाड जागेवर आणण्यासाठी जोर लावला गेला आणि अपघातानंतर आठवडाभरात तो दगावला. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६८ मध्ये न्यायालयाने वैद्याची तीन कर्तव्ये सांगितली: हा रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना सावध राहणे, कोणता उपचार करावा हे ठरवताना सावध राहणे आणि तो उपचार करताना सावध राहणे. भारतातील वैद्यकीय हलगर्जीपणाच्या कायद्याचा हा पाया मानला जातो. कोकणातील एका गावच्या घरावर कोसळलेल्या दुःखातून आलेल्या या त्रयीत पहिले कर्तव्य अधिकाराचेच आहे, आणि शल्यशिक्षणाच्या प्रचलित परीक्षापद्धतीत सर्वांत कमी तपासले जाते तेही तेच.

आजची पद्धत काय तपासते, हे त्यासाठी पाहावे लागते. भारतात २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम क्षमताधिष्ठित करण्यात आला, म्हणजे विद्यार्थ्याला काय माहीत आहे यापेक्षा तो काय करू शकतो यावर भर देण्यात आला. केलेल्या कामांची नोंद लॉगबुक नावाच्या पुस्तिकेत ठेवावी लागते आणि काही कौशल्ये शिक्षकाने प्रमाणित करावी लागतात. या सुधारणेमागे जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेली चढती उतरंड आहे, जिच्या तळाशी माहिती असणे, त्यावर कसे करावे हे माहीत असणे, त्यावर करून दाखवणे आणि शिखरावर प्रत्यक्ष व्यवहारात करणे आहे. डंडी येथील रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेली आणि विद्यार्थ्यांना 'ऑस्की' या नावाने परिचित असलेली परीक्षा, जिच्यात प्रत्येक विद्यार्थी ठरावीक वेळेत एकामागून एक टेबलांवर एकेक काम करतो आणि परीक्षक आधी ठरलेल्या निकषांवर गुण देतो, ती तिसऱ्या पायरीपर्यंत नेते. तोंडी परीक्षेतील परीक्षकाची मर्जी हा जुना दोष तिने बराच कमी केला, हे श्रेय तिला द्यायलाच हवे.

तरीही लॉगबुकातील संख्या हा पुरावा मानण्याची सवय धोक्याची आहे. दहा वेळा टाके घातले म्हणजे दहा वेळा चांगले घातले असे होत नाही. चुकीची गाठ दहा वेळा मारली तर चूकच हातात पक्की होते. अमेरिकेतील मिशिगन राज्यातील, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लठ्ठपणाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या २० शल्यविशारदांच्या ध्वनिचित्रफिती त्यांची नावे झाकून समव्यवसायींना दाखवल्या गेल्या, आणि ज्यांचे कौशल्य सर्वांत कमी ठरले त्यांच्या रुग्णांत गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के, तर सर्वांत कुशल ठरलेल्यांच्या रुग्णांत ५.२ टक्के आढळले. हे सारे पूर्ण प्रशिक्षित, परवानाधारक शल्यविशारद होते. म्हणजे हात प्रत्यक्ष पाहून केलेले मूल्यमापन रुग्णाच्या भवितव्याशी जोडलेले असते आणि पदवी मिळाल्यावरही त्याची गरज संपत नाही. योग्येच्या बाजूनेही पुरावा आहे: २००२ मधील एका प्रयोगात संगणकीय आभासी यंत्रावर आधी सराव केलेल्या निवासी डॉक्टरांनी पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पित्ताशय सोडवण्याचे काम इतरांपेक्षा २९ टक्के वेगाने केले आणि त्यांच्या चुका सुमारे सहा पटींनी कमी होत्या. सुश्रुताचा आदेश आधुनिक मोजमापाच्या कसोटीवरही उतरतो, असे येथे निःशंकपणे म्हणता येते.

रत्नागिरीसारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयाला महागड्या यंत्राची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. मटणाच्या दुकानातून आणलेले बकऱ्याचे पाय आणि आतडी, जाड स्पंजावर ताणलेले रेक्झीन, पेटीत बसवलेला मोबाइलचा कॅमेरा आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील जुनी हत्यारे एवढ्यावर शिवण, गाठ आणि पडद्यावर पाहून हात चालवणे या तिन्हींचा सराव होऊ शकतो. त्याची चित्रफीत काढून नाव झाकून दुसऱ्या महाविद्यालयातील शिक्षकाकडून तपासून घेता येते, आणि डेरवण व रत्नागिरी ही दोन महाविद्यालये एकाच जिल्ह्यात असल्याने ही देवघेव अवघड नाही. पदवीच्या विद्यार्थ्याने पित्ताशय काढायला शिकावे असे कोणी म्हणत नाही. त्याला जखम धुऊन शिवता आली पाहिजे, गळू फोडता आले पाहिजे, वाहते रक्त थांबवता आले पाहिजे, मोडलेल्या हाडाला आधार देता आला पाहिजे, कारण आंतरवासितेत, म्हणजे अंतिम परीक्षेनंतरच्या वर्षभराच्या प्रत्यक्ष सेवेत, शल्यविभागाच्या वाट्याला काही आठवडेच येतात आणि त्यानंतर बंधपत्रित सेवेसाठी तो एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेला, तर रात्री त्याच्याजवळ विचारायला कोणी नसते.

अशा ठिकाणी सर्वांत कठीण कौशल्य शस्त्र न चालवण्याचे असते. आपल्या अधिकाराची सीमा ओळखणे, रुग्ण स्थिर करून वेळेत पुढे पाठवणे, पाठवताना स्पष्ट चिठ्ठी लिहिणे आणि ज्याच्याकडे पाठवायचे त्याला फोन करणे ही पालशेतच्या निकालातील पहिल्या कर्तव्याची दैनंदिन रूपे आहेत. त्यांसाठी परीक्षेत एक टेबल असे असावे, जिथे समोर ठेवलेल्या प्रसंगाचे योग्य उत्तर काहीच न कापणे हे असेल, आणि हात आवरणाऱ्याला तेथे पूर्ण गुण मिळतील. प्रचलित परीक्षा केलेल्या कर्मालाच गुण देते; त्यामुळे नकळत उतावळेपणाला बक्षीस मिळते.

योग्येच्या अखेरच्या पायरीवर मानवी देहच लागतो, आणि तेथे प्रश्न अंत्यसंस्काराच्या श्रद्धेशी येऊन भिडतो. मुंबई शरीरशास्त्र अधिनियम १९४९ मुळे बेवारस देह शिक्षणासाठी देण्याची सोय झाली, परंतु बेवारस देह बहुधा गरिबाचाच असतो, म्हणजे येथेही तीच विषम वाटणी. स्वेच्छेने केलेले देहदान हा तिच्यावरचा न्याय्य उपाय आहे. दहन झाले नाही तर गती कशी मिळणार, ही कोकणातील अनेक घरांची शंका प्रामाणिक आहे आणि तिला उपहासाने उत्तर देणे योग्य नाही. चिपळूणजवळ परशुराम येथे १८८० साली जन्मलेल्या भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड प्रायश्चित्त, अंत्येष्टी, आशौच आणि श्राद्ध यांना वाहिलेला आहे. याच धर्मशास्त्रपरंपरेत देह उपलब्ध नसेल तर पळसाच्या ३६० पानांची प्रतिमा करून तिच्यावर संस्कार करण्याचा विधी आहे. देहाच्या अनुपस्थितीचा विचार परंपरेने पूर्वीच केलेला असल्याने, श्रद्धा न सोडताही देह देता येतो, हे गावोगावच्या पुरोहितांनी सांगितले तर त्याचा परिणाम शासनाच्या परिपत्रकापेक्षा खोल होईल. स्वतः सुश्रुताने शिक्षणासाठी निवडलेला देह वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून थराथराने पाहण्यास सांगितले आहे, तेव्हा परंपरेलाच हे वर्ज्य होते असे म्हणण्यास आधार नाही.

एवढी तयारी करूनही चूक होईल. तिचे काय करावे, याविषयी प्रायश्चित्तविचारात एक उपयुक्त गोष्ट आहे: मनुस्मृतीने पापक्षयाच्या साधनांत पश्चात्ताप, तप आणि अध्ययन यांच्याबरोबर ख्यापन, म्हणजे केलेले उघड सांगणे, मोजले आहे. रुग्णालयांत मृत्यू आणि गुंतागुंती यांचा आढावा घेणारी जी नियतकालिक बैठक होते ती याच जातीची आहे, पण विद्यार्थ्याला तेथे मागच्या बाकावर बसवले जाते आणि पुष्कळदा दोष सर्वांत कनिष्ठाच्या माथी मारून बैठक संपते. चूक सांगणाऱ्याचे गुण कापले गेले तर चुका लपवल्या जातील. म्हणून प्रामाणिकपणे नोंदवलेली चूक आणि तिच्यावरून सुचवलेला बदल यांना मूल्यमापनात मोल असावे, आणि ज्येष्ठाने आपली चूक आधी सांगावी.

शेवटी राहतो तो ज्याचा देह आहे तो माणूस. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये संमती ही पुरेशा माहितीवर आधारलेली आणि खरी असली पाहिजे असे स्पष्ट केले, परंतु संमतिपत्राच्या तळाशी शिकणाऱ्यांच्या सहभागाविषयीचे एखादे छापील वाक्य आणि त्याखाली अंगठा एवढ्याने ही अट पुरी होत नाही. टाके कोण घालणार, त्याने हे पूर्वी किती वेळा केले आहे, शेजारी कोण उभे राहणार आणि नाही म्हटले तरी उपचारात फरक पडणार नाही, हे रुग्णाला त्याच्या बोलीत, नातेवाइकांच्या देखत आणि घाई न करता सांगितले गेले पाहिजे, आणि ते त्या विद्यार्थ्यानेच सांगितले पाहिजे. बहुतेक रुग्ण होकार देतील, कारण शिकणाऱ्या मुलाविषयी आस्था या समाजात आजही आहे. काही देणार नाहीत. तो नकार ऐकल्यानंतर विद्यार्थी त्या रुग्णाशी पुढचे दिवस कसा वागतो, त्याच्या जखमेची पट्टी तितक्याच काळजीने बदलतो की नाही, याची नोंद त्याच्या पुस्तिकेत टाक्यांच्या संख्येशेजारी, रुग्णाला विचारून केली जावी.